सदाफुली

दौलतगंजच्या गल्ल्यांतून जाताना अंगणात, तुळशीवृंदावनाच्या कडेला, क्वचित भिंतीच्या भेगेतही सदाफुली सहज दृष्टीस पडते. आपले हिंदीभाषी शेजारी तिला सदाबहार म्हणतात. नित्याच्या पूजेत तिची फुले असल्याने ती आपल्याच मातीतली असावी, असे आपण समजतो. वस्तुतः तिचे माहेर मादागास्कर बेट होय.

तेथील समुद्रकाठच्या रेताड, झुडुपी रानात ती आपोआप वाढते. निकस जमीन, प्रखर ऊन आणि खारा वारा सोसण्याचा गुण तिच्या अंगी मुरलेला आहे. म्हणूनच कोकणच्या पुळणीवर ती जशी रुजते, तशीच ग्वाल्हेरच्या ज्येष्ठातही फुलते. सोसत नाही ते साचलेले पाणी. त्याने तिची मुळे कुजतात. कण्हेर व सातवीण ही तिच्याच कुळातली. त्यांच्याप्रमाणे हिच्याही अंगी कडू, विषारी द्रव्ये असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत.

हे विषच पुढे औषध ठरले. जमैका बेटावरील लोक मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली तेथील काही पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. प्रयोगात उंदरांच्या रक्तातील साखर उतरली नाही; मात्र अर्क टोचला असता पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात, हे जाणून नोबल व चार्ल्स बिअर यांनी शोध चालू ठेवला आणि १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टीन हे द्रव्य वेगळे केले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टीन. त्यास १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ही द्रव्ये पेशींचे विभाजन रोखतात. मात्र पानांत ती अत्यल्प असतात. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात. त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेली बालके क्वचितच वाचत. आज इतर औषधांच्या जोडीने व्हिन्क्रिस्टीन दिल्याने, जेथे उपचार वेळेवर व पुरे मिळतात तेथे, बहुतेक बालके बरी होतात.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरी कोणी मधुमेहावर ही पाने पहाटे चावून खात असतील, तर त्यांना उंदरांची ही हकीकत अवश्य सांगा. वैद्याच्या हाती मोजून दिलेले विष औषध होते. अंदाजाने खाल्लेले औषधही विष ठरते. फुले देवाला वाहावीत, पाने मात्र झाडावरच राहू द्यावीत.