खिशाला हात लावू नका

मुंबईच्या रेल्वे फलाटावर किंवा एस.टी. स्थानकात ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ अशी सूचना आपण पाहिली असेल, ऐकलीही असेल. ती वाचल्यावर माणूस पहिली गोष्ट काय करतो? त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. पैसे आहेत ना, एवढे चाचपून तो हात खाली घेतो आणि निश्चिंत होतो. खिसेकापू त्या पाटीकडे बघत नसतो, आपल्या हाताकडे बघत असतो. पैसे नेमके कुठे आहेत हे त्याला शोधावे लागत नाही. आपणच ते दाखवून देतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. १९९९ साली मी मुंबईत शिकत होतो. साताऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून माझे मामा मामीला घेऊन आले. मामीचे ऑपरेशन व्हायचे होते. एक खोंड विकून आणि वर थोडी उसनवारी करून मामांनी आठ हजार रुपये आणले होते. एस.टी.तून ते दादरला उतरले. तिथून परळला जायचे म्हणून आम्ही स्टेशनवर आलो. मामा जुन्या वळणाचे. पैसे बंडीच्या आतल्या खिशात, वर सदरा, सदऱ्याची सगळी बटणे लावलेली. मी मात्र शहरात चार वर्षे काढलेला शहाणा. भर फलाटावर मी मोठ्याने विचारले, “मामा, पैसे नीट ठेवलेत ना?” मामांनी छातीच्या डाव्या बाजूला दोनदा थोपटले आणि म्हणाले, “हायती की, हितंच हायती.”

गाडी आली. दारात एक गृहस्थ काहीतरी पडल्यासारखे खाली वाकले. मागून लोंढा आला. मामांनी एका हाताने मामीला धरले आणि दुसरा वर करून दांडी पकडली. दादर ते परळ म्हणजे पुढचेच स्टेशन, तीन-चार मिनिटांचा प्रवास. उतरल्यावर मामीनेच पाहिले, सदऱ्यावर चार बोटे लांबीचा सरळ काप होता. बंडीलाही तसाच. मामा कितीतरी वेळ म्हणत राहिले, “आरं, पर कुनी धक्का बी दिला न्हाई रं.”

मामा खरे बोलत होते. त्यांना धक्का बसला होता, पण पाठीला. छातीकडे काय चालले आहे ते त्यांना कळलेच नाही. मी मानसशास्त्र शिकवतो, आणि ‘अवधान’ हा धडा घेताना दरवर्षी मला ही गोष्ट आठवते. आपले लक्ष हे कंदिलासारखे चौफेर पडत नाही, ते विजेरीसारखे एका जागी पडते. पाठीवर जोराचा दाब आला की छातीवरचा हलका स्पर्श जाणवत नाही. त्यात गाडी चुकेल ही धास्ती, मामीचा हात सुटेल ही काळजी. एवढे सगळे डोक्यात असताना खिशाची आठवण राहील कशी? खिसेकापू कापतो कापड, पण त्याचा खरा घाव पडतो तो आपल्या अवधानावर.

म्हणूनच हा सहसा एकट्याचा धंदा नसतो. एक जण वाट अडवतो: दारात वाकतो, जिन्यावर मध्येच थांबतो, नाहीतर सुट्टे पैसे मागतो. दुसरा मागून रेटतो. तिसऱ्याचा हात चालतो, आणि बहुधा त्या हातावर पिशवी, वर्तमानपत्र किंवा उपरणे टाकलेले असते. हाती आलेला माल क्षणात चौथ्याकडे जातो. तुम्ही शेजारच्या माणसाचा हात पकडलात, तरी त्याच्याजवळ काही सापडत नाही; उलट तोच चार माणसांत तुमच्यावर ओरडतो.

गर्दी तर मुंबईत सगळीकडेच आहे. पण चोरीला गर्दीपेक्षा गर्दीतला एक क्षण लागतो. लोकल थांबते आणि उतरणारे व चढणारे एकमेकांत घुसतात तो क्षण. बसच्या पायरीवर एक पाय वर, एक खाली असतो तो. पुलाच्या जिन्यावर वरून आणि खालून येणारे अडकतात तो. आणि गणेशोत्सवातली दर्शनाची रांग किंवा विसर्जनाची मिरवणूक, जिथे सगळ्यांच्या माना वर आणि हात जोडलेले असतात. गाडी एकदा सुटली, आपण आत नीट उभे राहिलो, म्हणजे जोखीम बरीच कमी होते. तेव्हा चोवीस तास धसका घेऊन मुंबईत फिरायचे कारण नाही. दारातून आत शिरण्यापूर्वीची आणि नंतरची अर्धी मिनिटे जपली तरी पुष्कळ साधते. आणि गाडी सोडून देण्यात काही कमीपणा नाही. मुंबईकर धावतो म्हणून आपणही धावलेच पाहिजे असे थोडेच आहे? पाच-सात मिनिटांत बहुधा दुसरी येते.

आता पैसे ठेवायचे कुठे? या बाबतीत आपली जुनी माणसे शहरातल्या सुटाबुटातल्या लोकांपेक्षा हुशार होती असे माझे स्पष्ट मत आहे. कनवटीला लावलेला कसा, बंडीचा आतला खिसा, बायकांचा चोळीत ठेवलेला बटवा या अंगालगतच्या जागा. पँटचा मागचा खिसा म्हणजे चोराला दिलेले आमंत्रण, आणि पाठीवरची सॅक म्हणजे आपल्या नजरेआड उघडे ठेवलेले कपाट. सॅक गर्दीत पोटाशी घ्यावी. आतला खिसा तोंडाशी सेफ्टी पिनने बंद करावा. चोराला पिन काढता येत नाही असे नाही, पण ती काढायला वेळ लागतो, आणि वेळच त्याच्यापाशी नसतो.

त्याहून महत्त्वाचे, सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत. मोठी रक्कम दोन ठिकाणी, शक्य तर दोन माणसांजवळ. चहापाणी, तिकीट, रिक्षा यांसाठी लागणारे शे-दोनशे वरच्या खिशात वेगळे, म्हणजे शंभराची नोट काढताना पाचशेची चळत बाहेर येत नाही. ही वाटणी घरून निघतानाच करावी. स्थानकाच्या बाकावर बसून पैसे मोजू नयेत. एकदा ठेवले की मग हात लावायचा नाही. अगदीच शंका आली तर कोपराने अंगाशी हलके दाबून पाहावे. बोटांनी चाचपू नये.

मोबाईलमुळे या गोष्टीला नवे वळण लागले आहे. पूर्वी पाकीट गेले तर पाकिटातले पैसे जात. आता फोन गेला तर त्याच्या वाटेने बँकेतले पैसे जाण्याची भीती असते. तेव्हा फोनला कुलूप हवेच, पण ते १२३४ किंवा जन्मसाल असे नको. पैसे पाठवण्याचा पिन वेगळा ठेवावा. तो आणि एटीएम कार्डाचा पिन कागदावर लिहून पाकिटात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, शिक्षकांतही पाहिले आहेत. चोर तुमचे सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि बँकेचे संदेश त्याला मिळू लागतात. यावर उपाय म्हणून सिमलाही स्वतंत्र पिन घालता येतो. ते काम मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्यावे, कारण पिन तीनदा चुकला की सिम अडकते. प्रत्येक फोनला एक पंधरा आकडी ओळखक्रमांक असतो. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. आजच तो वहीत लिहून वही घरी ठेवावी.

आणि लोकलच्या दारात उभे राहून फोनवर बोलू नका. रुळांच्या कडेला उभे राहून चालत्या गाडीतल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारणारे चोर असतात. मुंबईत त्यांना ‘फटका गँग’ म्हणतात. फोन पडतो, आणि कधी तो वाचवायला गेलेला माणूसही पडतो. त्यात कुणाचे पाय गेले आहेत, कुणाचे प्राण.

एवढे करूनही चोरी झाली तर? आधी सिम आणि बँक. दुसऱ्याच्या फोनवरून मोबाईल कंपनीला सांगून सिम बंद करावे, बँकेला सांगून खाते व कार्ड थांबवावे. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. मग पोलीस. रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस, बाहेर शहर पोलीस. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ आणि कुठल्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे चोरीची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग ती कोणत्याही हद्दीत घडलेली असो. आणि तिची प्रत फुकट मिळते. कागदावर ‘गहाळ’ असे न लिहिता ‘चोरी’ लिहिले आहे ना, हे वाचून मगच सही करावी. ती प्रत आणि तो पंधरा आकडी क्रमांक असला की केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर फोन बंद पाडता येतो.

त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत टोळीने केलेली पाकीटमारी कलम ११२ मध्ये ‘किरकोळ संघटित गुन्हा’ म्हणून आली आहे आणि तिला एक ते सात वर्षांची कैद आहे. पण शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे. फलाटावर जमाव एखाद्याला मारत असेल तर आपण त्यात हात घालू नये. मामांच्या वेळी मी स्वतः परळच्या पुलावर एका फाटक्या कपड्यातल्या पोराची गचांडी धरली होती. त्याच्याजवळ एक ब्रशाची पेटी निघाली. बूटपॉलिशवाला होता तो. दारात वाकलेल्या त्या इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांकडे मी वळूनही पाहिले नव्हते.

अशा चुका आपल्याकडे कायद्यानेही केल्या आहेत. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ‘भामटा’ ही आपण सहज शिवी म्हणून वापरतो, पण त्या नावाची जमात महाराष्ट्राच्या विमुक्त जमातींच्या यादीत आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिक्षक बंधुभगिनींनी ते जरूर वाचावे. कपड्यांवरून नाहीतर जातीवरून संशय घेणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्यात आपली नजर भलतीकडे लागते आणि खऱ्या चोराचे फावते.

मामांच्या पैशांचे काय झाले, असे आपण विचाराल. ते मिळाले नाहीत. लालबागला आमच्या गावच्या माणसांचा एक गाळा होता. तिथल्या मंडळींनी दोन दिवसांत रक्कम जमवली आणि ऑपरेशन चार दिवस उशिरा झाले. ते देणे फेडायला मामांना दोन वर्षे लागली. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे मुंबईला आले की माझ्या प्रश्नाआधीच हसत म्हणायचे, “इचारू नगंस.”

शाळेची सहल मुंबईला नेणाऱ्या गुरुजींना एवढेच सुचवतो की सहलीचे पैसे तीन शिक्षकांत वाटून घ्यावेत, शाळेचा फोन नंबर प्रत्येक मुलाच्या खिशात चिठ्ठीवर लिहून द्यावा, आणि फलाटावर मुले मोजावीत, पैसे मोजू नयेत.