उज्जैनच्या डोक्यावरचा बर्फ

उज्जैनच्या माधव नगरात बर्फ पडतो म्हटलं, तर फ्रीगंजातला माणूस गोळेवाल्याच्या गाडीकडे बोट दाखवेल. पण पावसाळ्यातही इथे साधारण 5 किमी उंचीवर तापमान शून्याला टेकतं आणि त्याच्या वरच्या ढगांत चक्क हिमकण भुरभुरत असतात. सेकंदाला जेमतेम 1 मीटर, असे रमतगमत. दीड किमी उतरायला 25 मिनिटं. वितळून थेंब झाला, की तोच सेकंदाला साडेसहा मीटरनं सुटतो आणि 12 मिनिटांत टॉवर चौकात आदळतो. श्रावणातल्या जोरदार सरींचं बरंचसं पाणी याच वाटेनं येतं.

किती पाणी? एका चौरस किमीवर 10 मिमी पाऊस म्हणजे 1 कोटी लिटर. सगळे थेंब 2 मिमी व्यासाचे धरले, तर सुमारे 2.4 लाख कोटी थेंब!

त्यांचा अंदाज 167 किमीवरच्या भोपाळचं रडार घेतं. त्याचा लाखो वॅटचा स्पंद इथवर येऊन परततो तो सेकंदाच्या नऊशेव्या भागात. परतणारा प्रतिध्वनी एका वॅटच्या लाख कोटीव्या हिश्श्याहून क्षीण असला, तरी पकडला जातो.

रडार थेंब मोजत मात्र नाही. प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. 2 मिमीचा एक थेंब 1 मिमीच्या 64 थेंबांइतका बोलतो, आणि 1 मिमीच्या एका थेंबापुढे 0.1 मिमीचे 10 लाख थेंब लागतात. थोडक्यात, मोठ्यांचंच ऐकलं जातं! बर्फाचा आवाज तर आणखी दबका, तेवढ्याच पाण्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. उलट वितळू लागलेला, अंगभर पाणी ल्यालेला हिमकण रडारला भलाथोरला थेंब वाटतो. पडद्यावर त्या उंचीला लखलखीत पट्टा उमटतो आणि पावसाचा आकडा फुगतो.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं सीहोर जिल्ह्यात सिलखेड्याला संशोधन केंद्र उभारलंय. तिथल्या रडारच्या आडव्या-उभ्या लहरींची तुलना केली, की चपटा थेंब आणि हिमकण वेगळे ओळखता येतात.

अर्ध्या अंशावर रोखलेली भोपाळच्या रडारची शलाका उज्जैनला पोहोचेपर्यंत जमिनीपासून 3 किमी वर गेलेली असते आणि तेवढीच रुंदही झालेली असते. म्हणून मोबाइलवर रडारचं चित्र पाहाल, तेव्हा शहरावरचा पिवळा डाग एवढ्या उंचीवरचा आहे हे ध्यानात ठेवा. छत्री मात्र घेऊनच निघा.