थंडीच्या दिवसांत ट्रॅक्टर उशिरा का सुरू होतो?

पौषातील थंडीत ट्रॅक्टर सकाळी लवकर सुरू होत नाही, ही नागपूर भागातील पुष्कळ शेतकरी बंधूंची तक्रार असते. अशा वेळी बहुधा नवी बॅटरी आणली जाते. परंतु मूळ दोष कित्येकदा तसाच राहतो. माल कळमन्याच्या बाजारात पहाटेस न्यावयाचा असता हा खोळंबा फार जाचक होतो. म्हणून खर्चापूर्वी परीक्षा करावी, असे आम्ही सुचवितो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात जोराने दाबलेली हवा तापते व त्या उष्णतेने डिझेल पेटते. इंजिन हळू फिरल्यास ही उष्णता थंड सिलिंडर शोषून घेतो. तेव्हा पहिला प्रश्न हा की, स्टार्टर दिल्यावर इंजिन जड फिरते, की चांगले फिरूनही पेट घेत नाही?

जड फिरत असल्यास प्रथम बॅटरी पाहावी. रात्रभर विसावलेली १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ हून कमी असल्यास ती चार्ज करावी. बॅटरी ठीक असूनही इंजिन जड फिरते, तर टर्मिनलवरील पांढरा-हिरवट थर खरवडावा, अर्थिंगची जाड तार घट्ट करावी आणि इंजिनात ऋतूस योग्य असेच तेल आहे ना, हे पाहावे. नागपुरास मे २०१३ मध्ये ४७.९ अंश, तर डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात जीर्ण झालेली बॅटरी आपले दौर्बल्य हिवाळ्यात प्रकट करिते.

इंजिन चांगले फिरत असल्यास धूर पाहावा. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबला असेल, त्यात पाणी साचले असेल किंवा नळीत हवा शिरली असेल. हातपंपाने डिझेल चढविताच इंजिन चालू झाले, तर रात्रीतून कोठेतरी हवा शिरते असे समजून सांधे व वॉशर तपासावेत. पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोचते, पण जळत नाही. अशा वेळी हीटर असल्यास तो तपासावा. गरम इंजिनही कष्टानेच सुरू होत असेल, तर कॉम्प्रेशन कमी झाल्याचा संशय घेऊन मेकॅनिककडून त्याचे माप घ्यावे.

स्टार्टर एका वेळी १०-१५ सेकंदांहून अधिक चालवू नये. मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये असावी व बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. धीराने केलेली एक परीक्षा घाईने घेतलेल्या नव्या बॅटरीहून स्वस्त पडते.