बसमध्ये आईसाठी एक सीट

बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो वरातीतला बँड. लाल कोट घातलेली माणसं, पुढे क्लॅरिनेटवाला आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर लाइट घेऊन चालणाऱ्या बायका. (त्या बायकांबद्दल एकदा वेगळं लिहायचंच आहे.) अमेरिकेत मात्र बँड ही कॉलेजची शान असते. शनिवारी कॉलेजचा फुटबॉलचा सामना असला की दोन-दोनशे मुलंमुली गणवेशात वाजवत, चालत मैदानात उतरतात. तिथलं फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचं आपलं फुटबॉल नव्हे हं! नारळासारखा लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं पाडायचं. मध्यंतराची वीस मिनिटं मात्र बँडची. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड तर १९३६ पासून चालता चालता मैदानावर आपल्या राज्याचं नाव लिहितो, आणि शेवटी एक भलं मोठं वाद्य गळ्यात घातलेला वादक ठुमकत जाऊन त्या नावातल्या अक्षरावर टिंब देतो. त्या टिंबासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात म्हणे.

याच बँडमध्ये १९७३ पर्यंत एकही मुलगी नव्हती. हे वाचून मला गंमतही वाटली आणि थोडा दिलासाही! हे बँड लष्कराच्या वळणावर उभे राहिलेले, म्हणून 'मुलींना वजन पेलवणार नाही, चाल जमणार नाही' असंच तिथेही म्हटलं जायचं. १९७२ मध्ये तिथे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्यानंतर दारं उघडली. म्हणजे आपल्या आजीला वाटायचं तेच त्यांच्या आजीलाही वाटत होतं.

पण मैत्रिणींनो, मला लिहायचंय ते मैदानाबद्दल नाही, तिथवरच्या प्रवासाबद्दल. सामना दुसऱ्याच्या गावी असला की बँडही निघतो. सगळाच बँड दरवेळी जात नाही, खर्च फार येतो, म्हणून पुष्कळदा निवडक मुलांचा लहान बँड पाठवतात. मोठ्या सामन्याला मात्र बसमागून बस निघतात. मोठी वाद्यं वेगळ्या ट्रकमध्ये, गणवेश पिशव्यांत टांगलेले, परतायला मध्यरात्र.

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीची भाची टेक्सासमध्ये राहते. तिची मुलगी शाळेच्या बँडमध्ये बासरी वाजवते. ही भाची फोनवर सांगत होती, "मावशी, मी पण जाते बसमध्ये. दर बसला दोन पालक असतात. मुलं मोजून चढवायची, मोजून उतरवायची. पाण्याच्या बाटल्या, सुईदोरा, डोकेदुखीची गोळी, सगळं आमच्याकडे." तिथल्या शाळांतून बँडच्या पालकांची समितीच असते. आया गणवेशाच्या पायघोळ पँटी आखूड करून देतात, खाऊच्या स्टॉलवर उभ्या राहून पैसे जमवतात आणि बसमध्ये सोबतही करतात. मुलगी कॉलेजात गेली की हे थांबतं, तिथे मुलं सज्ञान धरली जातात.

आता सगळं गोडगोडच असतं असं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात टेक्सासमधल्या अँड्र्यूज गावच्या शाळेचा बँड आपल्या टीमच्या बाहेरगावच्या सामन्याला निघाला होता. हायवेवर उलट्या बाजूने एक पिकअप आली. बँडचे सर, बसचे ड्रायव्हर आणि पिकअपचा चालक, तिघेही गेले. दुसरी घटना त्याहून मनाला लागणारी, कारण ती अपघात नव्हती. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा बँड देशभर नावाजलेला. १९ नोव्हेंबर २०११ ला ऑरलँडो शहरात सामना झाला. सामन्यानंतर हॉटेलच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये रॉबर्ट चॅम्पियन या २६ वर्षांच्या वादकाला त्याच्याच सोबत्यांनी 'परंपरा' म्हणून मारहाण केली आणि त्यात तो गेला. बँडमधल्या रॅगिंगची कुजबुज वर्षानुवर्षं होती. चौकशी झाली तेव्हा बँडच्या यादीतल्या शंभराहून जास्त जणांची बँडच्या वर्गात नोंदच नव्हती असं निघालं. बँड बंद केला गेला, तो २०१३ मध्ये पुन्हा उभा राहिला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, काही मुलांना शिक्षा झाल्या.

यादीत कोण आहे, बस उभी असताना आत कोण आहे आणि तिथे जबाबदार मोठं माणूस आहे की नाही, हे तीन प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्के बसलेत. कारण असे प्रवास आपल्याकडेही होतात, फक्त फुटबॉलसाठी नाही. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड पाहायचं तर कोल्हापूरला जावं. तिथे पेठांच्या तालमींचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गावी जायचा प्रश्नच कमी. आपल्या मराठवाड्यातल्या कॉलेजच्या पोरी वाद्यं घेऊन बाहेरगावी जातात त्या युवक महोत्सवाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवाला छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. लोकनृत्य, भारूड, गोंधळ, पोवाडा, लोकनाट्य... आणि शोभायात्रा! लेझीम, हलगी, संबळ, ढोलकी यांचा असा काही दणका उडतो की आपले पाय आपोआप हलायला लागतात. तिथे नंबर आला की पुढे 'इंद्रधनुष्य', राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा महोत्सव. म्हणजे आष्टीच्या, कड्याच्या, धानोऱ्याच्या मुलीला स्वतःच्या हुन्नरावर विदर्भ-कोकण बघायची संधी. आणि हो, हलगी आता पोरीही वाजवतात. एकेकाळी गावात ही वाद्यं कुणी वाजवायची हे जातीने ठरायचं आणि बाईने तर हात लावायचा नाही. आज एकाच चमूत सगळ्या आळ्यांच्या पोरी हलगीसाठी भांडतात, ते बघून मला फार बरं वाटतं.

पण पोरगी तालमीत कितीही चांगली वाजवो, गाडं अडतं ते मुक्कामावर. एक वर्ष मी आमच्याकडच्या मुलींसोबत बाई म्हणून गेले होते. अकरा मुलींपैकी चौघींचे आईवडील उसाच्या फडावर, कुणी पश्चिम महाराष्ट्रात तर कुणी थेट कर्नाटकात. संमतीपत्रावर सही कोण करणार? एकीच्या आजीकडे गेलो. आजी म्हणाली, "वाजिवती चांगली, ते म्या बी ऐकलंय. पर रातीला निजायचं कुटं, ते सांगा आधी." आजीने अंगठा द्यायच्या आधी विचारलेला हा एकच प्रश्न, आणि त्याचं नीट उत्तर माझ्याकडेच काय, कुणाकडेही नव्हतं. 'तिथे सोय होईल' हे काही उत्तर नव्हे. शेवटी तिथल्या माणसाला फोन लावला आणि मुलींसाठी वेगळी खोली आहे, आतून कडी आहे आणि मी त्याच खोलीत झोपणार आहे, एवढं सांगितलं तेव्हा आजीचा अंगठा उमटला.

कडी विचारायचं एवढ्यासाठी सुचलं, की त्याआधी एका गावी एका स्पर्धेत मुलींना सभागृहात झोपवलं होतं आणि दाराला कडीच नव्हती. रात्रभर आम्ही दोघी बायका दाराला पाठ लावून बसलो. संडास अंगणाच्या पार टोकाला, तिथे दिवा नाही. दोन मुलींची पाळी आलेली. सकाळी त्या पोरींनी डोळे चोळत मंचावर जाऊन वाजवलं, आणि काय वाजवलं! पण त्यातल्या एकीच्या वडलांच्या कानावर हे गेलं आणि पुढच्या वर्षी ती आलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. दाराला एक कडी असती तर असं झालंच नसतं, असं मी म्हणत नाही. पण घरात 'नको' म्हणणाऱ्याला एक कारण मिळालं हे खरं.

आपल्या भागात मुलीचं लग्न लवकर उरकण्याची घाई किती असते ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा घरात मुलीचं बाहेरगावी नंबर काढून येणं, पेपरात फोटो येणं ही साधी गोष्ट नसते. बापाला चावडीवर कुणीतरी म्हणतं, "तुमच्या पोरीनं नाव काढलं," आणि वर्ष-दोन वर्षं ढकलली जातात. मी असं होताना पाहिलंय. म्हणून तर 'पाठवूच नका' हा सल्ला मी देत नाही, कधीच देणार नाही.

एक गोष्ट पुष्कळ आयांना माहीत नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कॉलेजचं आवार म्हणजे फक्त कंपाउंडच्या आतली जागा नव्हे. सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव जिथे असेल ती जागा आणि कॉलेजने ने-आण करायला दिलेलं वाहन, हेसुद्धा त्यात धरलं जातं. म्हणजे बसमध्ये कुणी वेडंवाकडं वागलं तर 'ते कॉलेजात घडलं नाही' असं म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत. कॉलेजमध्ये तक्रार समिती असावीच लागते. तिच्या अध्यक्ष मॅडम कोण, त्यांचा नंबर काय, हे निघायच्या आधी मुलीच्या वहीत लिहून घ्या. विचारायला लाजू नका. विचारलं की सरांचे चेहरे थोडे उतरतात, पण माहिती मिळते!

बाकीचं आपल्या हातातलं. मुलींची यादी आणि प्रत्येकीच्या घरचा फोन दोन प्रतींत, एक बाईंकडे, एक गावात. रातोरात परतायची घाई नको, ड्रायव्हरला झोप मिळू द्या. आणि सोबत एक बाई हवीच, शिक्षिका असेल तर उत्तम, नसेल तर आपल्यातली एखादी आई. "घर कोण बघणार?" हा प्रश्न येतोच. पण लग्नकार्याला आपण तीन दिवस जातो तेव्हा घर चालतंच की. एस. टी.त १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे मुलींचा चमू एस. टी.ने न्यायचा तर खर्च पूर्वीसारखा राहिलेला नाही. नगरकडे जायचं तर सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत रेल्वे आली, २०२५ च्या सप्टेंबरात ती बीडपर्यंत पोचली. वाद्यांचं मात्र बघावं लागतं. हलगी ऊब दिल्याशिवाय बोलत नाही, पावसाळी हवेत तर नाहीच, म्हणून मुली ती ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसतात. संबळाला तर एकीने चक्क बाळाचं दुपटं आणलं होतं.

आमच्या मंडळाने आता एक पत्र्याची पेटी केली आहे. सॅनिटरी पॅड, सेफ्टी पिना, काळे-पांढरे दोरे, नऊवारीचे दोन जादा काष्टे बांधता येतील एवढी नाडी, टॉर्च, ओआरएस, लिमलेटच्या गोळ्या आणि दाराला आतून लावायला एक साखळी-कुलूप. ज्या कॉलेजच्या मुली निघणार असतील त्यांनी पेटी घेऊन जावी आणि परत आणून द्यावी. सोबत जायला तयार असलेल्या चौघींची नावं झाकणाच्या आत लिहिली आहेत. पाचव्या नावाची जागा कोरी आहे.