लाइक्स भरपूर, पण लिंक कुठाय?

शनिवारी संध्याकाळी एफसी रोडवर कॉफी पिताना मैत्रिणीनं मोबाइल समोर धरला. जुन्या नऊवारींच्या गोधड्या, मस्त धावदोरा, आणि इन्स्टाग्रामवर एकेका फोटोला हजार-बाराशे लाइक्स! हिंजवडीतली नोकरी सोडून बाईंनी हा उद्योग थाटलाय. गोधड्या शिवणाऱ्या पाच मावश्यांचा पगार दर सात तारखेला तिला द्यायचा असतो.

"सही आहे की! मग तोंड का पाडलंयस?"

तिनं गुगलवर 'हाताने शिवलेली गोधडी' टाइप केलं. तिची वेबसाइट थेट चौथ्या पानावर! आता खरं सांगा, चौथ्या पानापर्यंत तुम्ही तरी कधी जाता का?

इथेच भल्याभल्यांची गल्लत होते. लाइक्सची गणितं वेगळी, गुगलची वेगळी. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये मांडलेला 'पेजरँक'चा फंडा सिंपल होता. दुसऱ्या वेबसाइटनं तुम्हाला दिलेली लिंक म्हणजे तुमच्या बाजूनं एक मत, आणि वजनदार साइटचं मत जास्त वजनाचं. स्थळ बघताना नाही का, कोणी सुचवलंय हे आधी विचारतात? गुगल आता आणखी बऱ्याच गोष्टी बघतं, पण लिंकचा मान अजून आहे. सोशल मीडियावरच्या लिंक्सवर मात्र बहुतेक ठिकाणी 'नोफॉलो'चा शिक्का असतो. म्हणजे 'हे मत धरू नका' अशी चिठ्ठीच! २०१९ पासून गुगल या चिठ्ठीला हुकूम नाही तर नुसती सूचना मानतं, तरी तिच्या भरवशावर राहू नका. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक तर क्लिकही होत नाही.

मैत्रिणीनं आधी शॉर्टकट मारून पाहिला. एका एजन्सीला पंधरा हजार मोजून 'पाचशे लिंक्स, गॅरंटीड' घेतल्या. उघडून बघतो तर काय, कुठल्या कुठल्या कसिनोच्या साइट्स आणि मध्येच आपली गोधडी! गुगलनं २०१२ साली 'पेंग्विन' अपडेट आणलं ते याच धंद्याला चाप लावायला. आता अशा लिंक्स गुगल बहुधा मोजतच नाही. पंधरा हजार पाण्यात.

मग सोशल मीडिया कशाला हवा? अहो, लिंक देणारी माणसं तिथेच बसलेली असतात ना!

तिनं सुरुवात केली स्वतःच्या ब्रँडचं नाव शोधण्यापासून, चुकीच्या स्पेलिंगसकट. मग गुगल लेन्समध्ये स्वतःचेच फोटो टाकले. बेंगळुरूच्या एका होमस्टेनं तिची गोधडी पलंगावर अंथरून फोटो टाकला होता. नाव दिलेलं, पण वेबसाइटवर लिंक नाही. तिनं दोनच ओळी पाठवल्या, "खोली सुरेख दिसतेय. गोधडी कुठली म्हणून पाहुणे विचारत असतील, तर आमच्या साइटची लिंक जोडाल का?" दुसऱ्या दिवशी लिंक हजर! कौतुक आधीच झालेलं असतं, आपण फक्त पत्ता जोडायला सांगायचा.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे पत्रकार. एक्स आणि लिंक्डइनवर ते 'अमुक विषयावर बोलणारं कोणी आहे का?' असं सर्रास विचारतात. पीटर शँकमनची 'हारो' ही पत्रकारांना जाणकार गाठून देणारी अमेरिकन सेवा २००८ साली सुरू झाली तीसुद्धा फेसबुकच्या एका ग्रुपमधून. इथे तासाभरात उत्तर द्यायचं, आणि जाहिरात नाही तर माहिती द्यायची. 'आमच्या गोधड्या बेस्ट' असं लिहिलंत की संपलं!

पण मला खरी धमाल वाटली ती फेसबुक ग्रुप्सची. घरसजावटीच्या ग्रुपवर बायका एकच प्रश्न फिरून फिरून विचारत होत्या, आजीची जुनी गोधडी धुवायची कशी? तिथे आपली लिंक चिकटवली असती तर अॅडमिननं लगेच बाहेर काढलं असतं. तिनं वेगळंच केलं. मावश्यांना विचारून साइटवर एक पान लिहिलं. पाणी कोमट की गार, पिळायची का नाही, वाळवायची कशी, सगळं फोटोंसकट. मग जुन्या कपड्यांवर, घरावर लिहिणाऱ्यांना शोधून एकेकाला वेगळा मेसेज पाठवला. कॉपी-पेस्ट अजिबात नाही! अकरा जणांना लिहिलं. सात जणांनी उत्तरच दिलं नाही. (सवय करून घ्या.) चौघांनी लिंक दिली.

तीन महिन्यांनी साइट गुगलच्या दुसऱ्या पानावर आली. पहिलं अजून लांब आहे, पण होमस्टेच्या एका पाहुणीनं लग्नात द्यायला बारा गोधड्या मागवल्या आणि मावश्यांचे पगार सात तारखेलाच झाले.

परवा त्या एजन्सीचा पुन्हा मेसेज आला. या वेळी हजार लिंक्स, फक्त दहा हजारांत!