नोकरदाराचें छायाचित्रण

छंदाला वेळ मिळत नाहीं, ही तक्रार ज्याच्या तोंडीं नाहीं असा नोकरदार मनुष्य आज विरळाच. पालघरहून पहांटेची गाडी धरून मुंबईस जाणारा कारकून घ्या, किंवा तारापूरच्या कारखान्यांत या आठवड्यास दिवसपाळी व पुढच्या आठवड्यास रात्रपाळी करणारा तंत्रज्ञ घ्या. दोघांच्याहि कपाटांत हौसेनें घेतलेला कॅमेरा असतो, आणि त्यावर धूळहि असते. विकत घेतांना असलेला उत्साह सहा महिन्यांत कां मावळतो, व तो टिकवावयाचा तर काय करावें, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्रण हें केवळ धंदेवाईकांचें किंवा रिकामटेकड्यांचें काम, असें मुळींच नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. तिच्या आरंभींच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते, आणि त्यांचा व्यवसाय वैद्यकीचा. त्या काळीं कलोडियनच्या रीतीनें चित्र घ्यावयाचें म्हणजे कांचेवर द्रावण पसरावें, कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें, आणि ती सुकण्यापूर्वीं अंधारांत धुवावी, असा सारा खटाटोप असे. अलीकडचें उदाहरण अमेरिकेंतील व्हिव्हियन मायर या बाईंचें. परक्यांचीं मुलें सांभाळण्याच्या नोकरींत त्यांचें आयुष्य गेलें. पण न्यूयॉर्क व शिकागोच्या रस्त्यांवर चित्रें घेण्याचें त्यांनीं सोडलें नाहीं. २००७ सालीं त्यांचें सामान लिलावांत निघालें, तेव्हां कोठें जगाला या कामाचा पत्ता लागला.

मग आपला वेळ जातो कोठें? माझ्या मतें, चित्र घेण्यांत तो फारसा जात नाहीं. तो जातो मागाहून. फिल्मच्या दिवसांत एका गुंडाळीवर ३६ चित्रें निघत, मोठ्या चौकोनी आकाराचीं असल्यास अवघीं १२. त्यामुळें कळ दाबण्यापूर्वीं माणूस विचार करी. आजचा कॅमेरा तासाभरांत ३०० चित्रें सहज घेतो. प्रत्येक चित्र पाहण्यास एकच मिनिट धरलें तरी निवडीला पांच तास लागणार! ते पांच तास नोकरदाराला मिळत नाहींत. न पाहिलेल्या चित्रांचा ढीग वाढतो, आणि त्या ढिगाच्या ओझ्याखालीं छंद दडपून जातो. म्हणून पहिला नियम असा कीं, एका फेरींत ३६ हून अधिक चित्रें घेऊं नयेत, आणि त्याच रात्रीं त्यांतील तीन ठेवून बाकीचीं टाकून द्यावींत.

दुसरा नियम विषयाचा. दूरच्या किल्ल्यांचे व हिमशिखरांचे बेत रजेच्या अर्जांतच अडकतात. जवळचा एकच विषय धरला तर तो वर्षभर पुरतो. सातपाटीचेंच उदाहरण घेऊं. पालघर स्टेशनावरून संध्याकाळीं सहज जाऊन येतां येईल असें हें कोळ्यांचें गांव पापलेटासाठीं प्रसिद्ध आहे. किनारा पश्चिमेचा, म्हणून सूर्य समुद्रांत मावळतो. अर्थात् दिवसपाळी संपवून येणाऱ्या माणसाची वेळ आणि उत्तम प्रकाशाची वेळ येथें एकच.

राहतां राहिली भरती. तिचा जुना हिशेब घड्याळाचा नसून तिथीचा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं भरतीचा तास साधारणपणें निघतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सायंकाळीं सहाच्या सुमारास पाणी भरलेलें आणि होड्या तरंगत असलेल्या. पौर्णिमा-अमावास्येस हीच भरती दुपारीं बाराच्या आगेंमागें येते, आणि सूर्यास्ताला ओहोटी असते. तेव्हां ओल्या चिखलावर कललेल्या होड्या व त्यावर पसरलेला तांबूस उजेड दिसतो. हा आडाखा मात्र स्थूल आहे; प्रत्यक्ष भरतीची वेळ त्याहून बरीच मागेंपुढें होऊं शकते. घरांतील पंचांग पाहून महिन्यांतील दोनच संध्याकाळी आधीं ठरवाव्यात. बाकीच्या घरच्यांना मोकळ्या ठेवाव्यात. जून व जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते; त्या दिवसांत किनाऱ्यास ओढलेल्या होड्या, जाळ्यांची डागडुजी आणि नारळी पौर्णिमेची तयारी, हे निराळेच विषय हातीं येतात.

असें वर्षभर केल्यास पदरीं काय पडतें? महिन्याच्या सहा चित्रांप्रमाणें बहात्तर चित्रें. हें थोडें वाटेल. पण त्यांचें मोल पुढें कळतें. पापलेट हा २०२३ सालीं महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. याच जिल्ह्यांत वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्यें झाली. हा किनारा पालटणार आहे. एका दिवसाकरितां आलेला नामांकित छायाचित्रकार एक सुंदर संध्याकाळ घेऊन जाईल. परंतु तीच होडी, तोच धक्का, तीच वाट वर्षानुवर्षें पाहणें हें जवळच राहून नोकरी करणाऱ्या हौशी माणसालाच शक्य आहे. ज्या नोकरीला तो अडचण समजतो, तीच त्याला येथें स्थिर ठेविते.

मात्र दोन पथ्यें पाळावींत. मासळी निवडणाऱ्या बायांचें चित्र विचारल्यावांचून घेऊं नये. ती त्यांची कामाची वेळ असते आणि आपण तेथें पाहुणे असतों. घेतलेल्या चित्राची एक प्रत पुढच्या खेपेस नेऊन द्यावी. दुसरें पथ्य घरचें. रात्रपाळी करून आल्यावर झोप मोडून, किंवा मुलांचा रविवार हिरावून घेऊन जो छंद चालतो, तो फार दिवस टिकत नाहीं व टिकूंहि नये. महिन्यांतील एका फेरीस मुलांनाच बरोबर न्यावें, आणि ठेवावयाचीं तीन चित्रें त्यांनाच निवडूं द्यावींत. आपण ज्यांत रंग पाहिले त्यांत त्यांनीं माणूस पाहिलेला असतो, आणि पुष्कळदां निवड त्यांचीच बरोबर ठरते.