तीन सिलिंडरांचे ट्रॅक्टर-इंजिन : गुण, मर्यादा व निगा

ट्रॅक्टर खरेदी करताना पुष्कळ शेतकरी बंधू प्रथम एकच प्रश्न विचारतात, "इंजिन किती सिलिंडरांचे?" चार सिलिंडरांचे इंजिन जोरदार व तीन सिलिंडरांचे दुबळे, अशी समजूत गावोगाव आढळून येते. ट्रॅक्टर बहुधा कर्ज काढून घेतला जातो व त्याचे हप्ते कित्येक वर्षे फेडावयाचे असतात. एवढा मोठा निर्णय सिलिंडरांच्या केवळ संख्येवर घेणे हितावह नाही. ही संख्या कमी-अधिक केल्याने काय साधते व काय गमवावे लागते, याचा येथे विचार करू.

१. ताकद कशावर अवलंबून असते?

इंजिनाची अश्वशक्ती सर्व सिलिंडरांचे मिळून असलेले घनमान, त्यांत जळणारे डिझेल व दर मिनिटाचे फेरे यांवर ठरते. अडीच लिटर घनमान तीन सिलिंडरांत वाटले तर प्रत्येकास सुमारे ८३३ घन सेंटिमीटर येते. चारांत वाटले तर ६२५. शेत तेवढेच, वाटण्या मात्र तीन की चार, एवढाच हा फरक होय.

या बाबतीत मॅसी-फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टराचे उदाहरण बोधप्रद आहे. आरंभी त्याचे डिझेल इंजिन चार सिलिंडरांचे होते व ते थंडीत सुरू होण्यास त्रास देई. १९५९ मध्ये त्याच्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसविण्यात आले. त्याच्या सिलिंडराचा व्यास ९१.४ मिलिमीटर, दट्ट्याची धाव १२७ मिलिमीटर व एकूण घनमान सुमारे अडीच लिटर होते. सिलिंडर एक कमी. परंतु प्रत्येक मोठा. फोर्डसन डेक्स्टा हा ट्रॅक्टरही १९५७ मध्ये तीन सिलिंडरांनिशीच बाजारात आला होता.

२. तीन सिलिंडरांचे लाभ

मोठ्या सिलिंडरात वायूच्या घनमानाच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ कमी पडते. त्यामुळे दाबलेल्या हवेची उष्णता कमी वाया जाते व इंजिन थंडीत सुलभतेने सुरू होण्यास मदत होते. प्रत्येक वेळी सोडावयाचे डिझेल अधिक असल्याने नॉझलची छिद्रे फार बारीक ठेवावी लागत नाहीत. नॉझल चारांऐवजी तीन, व्हॉल्व्ह आठांऐवजी सहा. घासणारे भाग कमी, म्हणून दुरुस्तीचा खर्चही आटोक्यात राहतो. शिवाय इंजिन आखूड असल्याने ट्रॅक्टराची लांबी कमी ठेवता येते व लहान वावरात बांधापाशी वळणे सोपे जाते.

३. ठोक्यांमधील अंतर

चार धावांच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, पुरे होईपर्यंत प्रत्येक सिलिंडर एकदाच जोर देतो. हा जोर फार तर १८० अंशांपर्यंत टिकतो. चार सिलिंडरांत दर १८० अंशांनी नवा ठोका मिळतो. तीन सिलिंडरांत तो २४० अंशांनी मिळतो. म्हणजे मध्ये निदान ६० अंश कोणताच दट्ट्या जोर देत नाही. त्या काळात फ्लायव्हीलने साठविलेली गती काम रेटून नेते. विहिरीवरील एक सिलिंडराच्या इंजिनास मोठे जड चाक का लागते, हे यावरून ध्यानात येईल. दर मिनिटास १५०० फेऱ्यांवर त्यास अवघे ७५० ठोके मिळतात, तर तीन सिलिंडरांच्या इंजिनास २००० फेऱ्यांवर ३००० मिळतात.

४. तोलाचा प्रश्न

तीन दट्ट्यांच्या क्रँका परस्परांशी १२० अंशांवर असतात. त्यामुळे वर-खाली होणाऱ्या वजनांची बेरीज जवळजवळ शून्य होते. इंजिन सरळ वर-खाली उड्या मारीत नाही. परंतु पुढचा व मागचा दट्ट्या एकाच वेळी एकसारखे हलत नाहीत. कावडीच्या दोन्ही घागरी समान भरल्या तरी त्या आळीपाळीने वर-खाली झाल्या की कावड हेलकावते. तसेच येथे होते. हा हेलकावा कमी करण्यासाठी क्रँकवर प्रतिभार बसवितात. काही इंजिनांत उलट दिशेने फिरणारा तोलदंडही असतो.

चार सिलिंडरांचे इंजिनही निर्दोष नाही. त्यात हेलकावा नसतो; परंतु धावेच्या वरच्या अर्ध्या भागात दट्ट्या अधिक वेगाने चालत असल्याने दर फेऱ्यास दोनदा उभे कंपन उरते. पाच सिलिंडरांत ठोके १४४ अंशांनी येत असल्याने जोर अखंड मिळतो, पण हेलकावा राहतोच. मर्सिडीझ कंपनीने १९७४ मध्ये मोटारीसाठी असे डिझेल इंजिन काढले होते. सहा सिलिंडरांत या सर्व कंपनांचा तोल साधतो. मात्र लांबी व किंमत वाढते.

५. वापर व निगा

ट्रॅक्टराचे इंजिन सांगाड्याचाच भाग म्हणून घट्ट जोडलेले असल्याने कंपन सर्व भागांत पोहोचते. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात.

(अ) रोटाव्हेटर अथवा नांगर चालविताना फेरे फार खाली उतरू देऊ नयेत. मंद गतीत अवजड भार पडल्यास ठोक्यांमधील धक्के गिअर व पी.टी.ओ. यांस सोसावे लागतात. इंजिन दबू लागताच खालचा गिअर घ्यावा.

(आ) बॉनेट, डिझेलची टाकी, दिवे व सायलेन्सर यांचे बोल्ट नियमाने तपासून आवळावेत.

(इ) इंजिन एकाएकी अधिक हादरू लागल्यास एखादा सिलिंडर बंद पडल्याचा संशय घ्यावा. तिघांतील एक बंद पडला की तिसरा हिस्सा जोर जातो व ठोक्यांत ४८० अंशांची खिंड पडते. असे इंजिन तसेच न रेटता मेकॅनिककडून नॉझल व कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. डिझेलच्या गळत्या नळीवर हात धरून पाहू नये. उच्च दाबाची धार कातडी भेदून आत शिरते.

६. खरेदीपूर्वी

बाजारात ४५ ते ५० अश्वशक्तीच्या टप्प्यात तीन व चार सिलिंडरांचे दोन्ही प्रकार मिळतात. त्यांची तुलना करताना पी.टी.ओ.वर मिळणारी अश्वशक्ती, दर ताशी लागणारे डिझेल, ट्रॅक्टराचे वजन व जवळपास मिळणारी दुरुस्तीची सोय पाहावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेऊन अहवाल काढते. त्यात ताकद व इंधनखर्च यांबरोबर कंपनांचीही मोजमापे असतात. ग्रामसेवकांनी हे अहवाल मिळवून शेतकऱ्यांस समजावून द्यावेत. सिलिंडर किती, हा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु तो शेवटी विचारावा.